गुड फ्रायडेच्या सुट्टीत गोव्याला जाताना

गुड फ्रायडे शुक्रवारीच येणार, त्यामुळे शनिवार-रविवारला आयती जोडून मिळणारी ही सुट्टी आपण कोल्हापूरकरांनी जणू गोव्यासाठीच राखून ठेवली आहे. जाण्याला माझी हरकत नाही, मीही जातोच. मात्र तो दिवस आनंदाचा नसून शोकाचा आहे, हे ध्यानात ठेवूनच बेत आखावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

येशूला क्रुसावर चढवल्याच्या स्मरणाच्या या दिवशी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, होत नाही. आदल्या रात्रीच वेदीवरची वस्त्रे काढून ठेवलेली असतात आणि दुपारी ३ च्या सुमारास प्रार्थना होते. गुरुवारच्या मिस्सापासून शनिवारी रात्रीच्या ईस्टर (येशूच्या पुनरुत्थानाचा सण) जागरणापर्यंत घंटाही वाजत नाहीत. त्यांच्या जागी मात्राक नावाचे लाकडी खडखडे वाजते. उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यातील एका गावात मी ती मात्राक ऐकली. तिचा कोरडा खडखडाट पुढे आणि मागून मृत येशूची प्रतिमा खांद्यावर घेतलेली, काळ्या कपड्यांतली मिरवणूक, असे ते दृश्य होते. तेवढ्यात वाट अडली म्हणून मागच्या गाडीने हॉर्न दाबून धरला. गाडी एमएच ०९, म्हणजे आपलीच.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत समोरून सासनकाठी येत असताना आपण असा हॉर्न वाजवू का? योगायोग असा की गुड फ्रायडे आणि चैत्र पौर्णिमेची ही यात्रा, दोन्ही पौर्णिमेशी बांधलेले आहेत. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळे गुड फ्रायडे बरेचदा चैत्र पौर्णिमेच्या आसपास येतो. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला, तर गुड फ्रायडे ३ एप्रिलला होता.

कॅथलिक कुटुंबाकडे उतरलात, तर त्या दिवशी मटणाची फर्माईश करू नये. चौदा वर्षांवरील सर्वांना मांस वर्ज्य असते. मासे मात्र चालतात, एवढा दिलासा आपल्या मंडळींना पुरावा. प्रार्थनेला बसायचे असल्यास मागच्या बाकावर बसावे, मोबाइल खिशात ठेवावा आणि ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभे राहू नये, कारण तो केवळ त्यांच्या श्रद्धावंतांसाठी असतो. चपला दाराशी काढण्याची आपली सवय तिथे आवश्यक नाही, पण काढल्या तरी कोणी हसत नाही. शुभेच्छा द्यायच्याच असतील, तर त्या रविवारी, ईस्टरच्या सकाळी द्याव्यात.