डोळे उघडे होते पण दिसलं नाही... प्रयोगाला बसल्याचा माझा अनुभव

मैत्रिणीला पीएचडीच्या प्रयोगासाठी माणसं कमी पडत होती म्हणून मी बसले, नाहीतर अटेन्शन म्हणजे आपलं लक्ष कसं चालतं वगैरे माझा प्रांत नाही. अंधारी खोली, हनुवटी स्टँडवर टेकवून समोर बघायचं. ती हनुवटी दहा मिनिटांत ठणकायला लागते हे आधी कोणी सांगत नाही!

सुरुवात सोपी होती. हिरव्या रेघांत एकच लाल रेघ, रेघा पाच असोत की तीस, ती आपोआप डोळ्यात भरते. मग म्हणे लाल उभी रेघ शोध, पण आता बाकीच्यांत लाल आडव्याही आणि हिरव्या उभ्याही. इथे माझी वाट लागली, रेघा वाढल्या की वेळ वाढतोच, आणि 'नाहीये' हे बटण दाबायला तर अजून उशीर कारण सगळं तपासल्याशिवाय खात्रीच होत नाही ना.

पण खरी फजिती पुढे झाली. दोन टोकांना काळे आकडे, मधे रंगीत अक्षरं, सगळं क्षणभर चमकून गायब. आधी आकडे सांगायचे, मग अक्षरं. मी ठासून सांगितलं, लाल टी होता. नंतर तिने तेच चित्र थांबवून दाखवलं तर 'ओ' हे अक्षर लाल आणि टी निळा! मी तर भांडलेच, कारण मी अंदाज नव्हता मारला, मला लाल टी दिसला होता. ती म्हणाली, ट्रीझमन आणि जेलाड या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये हेच मांडलंय, रंग आणि आकार मेंदू सुटे सुटे टिपतो, त्यांची एक वस्तू जुळवायला लक्ष लागतं, आणि तुझं लक्ष आकड्यांवर होतं.

शेवटी खोलीचा फोटो, मधे राखाडी कोरी स्क्रीन, परत तोच फोटो पण एक गोष्ट बदललेली, आणि हे चालूच, काय बदलतंय ते शोधायचं. ती कोरी स्क्रीन नसती तर बदल झाला तिथे हालचाल जाणवली असती आणि नजर तिकडेच गेली असती. मी टेबल बघितलं, माणसांचे चेहरे बघितले, कपडे बघितले, काही नाही. आणि बदल काय, तर फोटोतल्या खोलीचा अख्खा पडदा येत-जात होता हो! एकदा सापडल्यावर दुसरं काही दिसेचना. पुढच्या फोटोच्या आधी ती फक्त 'दिवा' म्हणाली आणि मला लगेच सापडला.