रागामागची मागणी शोधताना : माझा अनुभव

कोणी काम सांगितले की ‘हो’ म्हणून मोकळे व्हायचे आणि मग त्या माणसावर दिवसभर मनातल्या मनात धुसफुसत राहायचे, ही माझी फार जुनी सवय होती. झोप उडू लागली आणि ज्यांचा काही संबंध नाही अशा घरच्या माणसांवर माझी चिडचिड होऊ लागली, तेव्हा मी एका समुपदेशकांकडे जायला सुरुवात केली. राग आवरण्याच्या काही युक्त्या तिथे मिळतील, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सुरुवातीच्या भेटींत राग आवरण्याविषयी फारसे बोलणेच झाले नाही. त्यांनी मला नोंदींची एक वही ठेवायला सांगितली.

वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे होते : काय घडले, त्या वेळी मनात कोणता विचार आला, आणि त्यामुळे काय वाटले व मी काय केले. ही मांडणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारातली आहे. घटना थेट भावना निर्माण करत नाही, तर त्या दोहोंच्या मध्ये आपली धारणा असते, हा त्या पद्धतीचा गाभा. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसने हे सुमारे १९०० वर्षांपूर्वीच सांगितले होते आणि एलिस त्याचे ऋण मान्य करत असत.

ऐकायला हे सोपे वाटते. लिहायला बसल्यावर मधला रकाना कोराच राहतो. काय घडले हे आठवते, राग आला हेही आठवते, पण मध्ये काही विचार आला होता याचा मागमूसही सापडत नाही. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात अशा विचारांना ‘आपोआप येणारे विचार’ म्हटले, कारण ते क्षणार्धात येऊन जातात आणि इतके सवयीचे असतात की ते विचार आहेत हेच आपल्याला जाणवत नाही. यावर समुपदेशकांनी सुचवलेला उपाय मला फार उपयोगी पडला. तिसऱ्या रकान्यापासून, आणि तोही शरीरापासून सुरू करायचा : जबडा आवळला आहे का, पोटात गोळा आला आहे का, श्वास उथळ झाला आहे का. मग भावनेला नाव द्यायचे आणि तिची तीव्रता शून्य ते शंभरमध्ये लिहायची. एवढे झाले की विचार बहुधा आपण होऊन वर येत असे.

माझ्या वहीत सर्वाधिक वेळा आलेले वाक्य होते, ‘हे लोक मला गृहीत धरतात.’ मला वाटले, शोध संपला. समुपदेशकांनी मात्र विचारले, “समजा तुम्ही नाही म्हणालात, तर काय होईल?” समोरचा नाराज होईल. “झाला, तर त्यात तुमच्या दृष्टीने इतके वाईट काय?” तो माझ्याविषयी वाईट बोलेल. “आणि बोलला, तर?” या प्रश्नावर मी बराच वेळ गप्प होते. जे उत्तर शेवटी बाहेर पडले, ते माझे मलाच अनोळखी वाटले : कोणी माझ्यावर नाराज असेल, तर मी माणूस म्हणूनच कमी ठरते. ज्याला मी इतकी वर्षे राग समजत होते, त्याच्या तळाशी भीती होती. आणि त्या भीतीच्या मागे, प्रत्येकाने माझ्याविषयी चांगलेच मत बाळगले पाहिजे, ही जगाकडे केलेली हट्टी मागणी होती.

पुढचे काम त्या मागणीची उलटतपासणी करण्याचे होते. याला पुरावा काय, यात तर्क कोणता, आणि हे धरून ठेवल्याने माझे भले होते का? ‘नेहमी सकारात्मक विचार करा’ हा सल्ला मला आधीपासूनच पोकळ वाटत आला आहे, त्यामुळे इथे कडू वाक्याच्या जागी गोड वाक्य बसवायचे नव्हते, याचे मला बरे वाटले. इच्छा तशीच ठेवायची, फक्त तिची सक्ती काढायची. मी लिहिले : लोकांनी मला चांगले म्हणावे असे मला मनापासून वाटते, पण ते म्हणतीलच असे नाही, न म्हटल्यास मला वाईट वाटेल, आणि ते मी सोसू शकेन.

हे वाक्य बुद्धीला पूर्ण पटत होते आणि मनावर त्याचा काडीचाही परिणाम होत नव्हता. हा टप्पा सर्वांत लांबला. केवळ विचारात वाद घालून धारणा हलत नाही, तिच्या विरुद्ध वागावे लागते, असे एलिस आग्रहाने सांगत. त्यांनी स्वतः एकोणिसाव्या वर्षी, स्त्रियांशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या वनस्पती उद्यानात सुमारे शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलण्याचा सराव केला होता. भेटायला तयार झाली ती एकच, आणि तीही आली नाही, असे ते सांगत. भीती मात्र गेली. माझा गृहपाठ इतका धाडसी नव्हता. आधी किरकोळ गोष्टींना आणि मग महत्त्वाच्या कामांना नकार द्यायचा, नकारापूर्वी काय होईल याचा अंदाज लिहायचा आणि नंतर प्रत्यक्ष काय झाले ते त्याच्यासमोर नोंदवायचे. बहुतेक वेळा समोरच्या व्यक्तीने ‘बरं’ म्हणून दुसऱ्या कोणाला विचारले. एक सहकारी मात्र खरोखरच दुखावल्या आणि पुढे त्यांनी बोलणे तोडले. मला वाटते, माझ्यासाठी सर्वांत मोलाचा तोच प्रसंग ठरला, कारण बाकीच्या वेळी माझा अंदाज चुकला होता, तर या वेळी तो खरा ठरूनही माझे दिवस नेहमीसारखेच गेले.

नकार देताना आजही मला अस्वस्थ वाटते, पण ती अस्वस्थता रात्रभर छळत नाही. वहीत लिहिण्यालाही मी ठरावीक वेळेची मर्यादा घातली आहे, कारण ‘मी अशी का आहे’ या प्रश्नाभोवती तासन्‌तास फिरत राहणे म्हणजे आत्मपरीक्षण नव्हे. ते रवंथ असते आणि त्याने उदासी वाढते.

एक राग मात्र या सगळ्या तपासणीनंतरही उरला. माझ्या कामाचे श्रेय वारंवार स्वतःकडे घेणाऱ्या एका वरिष्ठांविषयीचा तो राग होता. तिथे माझा निष्कर्ष पुराव्यावर टिकला. ‘त्यांनी असे वागताच कामा नये’ हा हट्ट सोडल्यावर राग इतका खाली आला की मला शांतपणे बोलता येईल, पण मूळ तक्रार जागेवरच राहिली. समुपदेशकांचे म्हणणे होते की ही नोंद वहीत ठेवण्यासाठी नाही, त्या वरिष्ठांसमोर मांडण्यासाठी आहे. ती मी मांडली. त्यांना ती आवडली नाही, पण पुढच्या अहवालावर माझे नाव होते.