नवी एम५ आणि वजनाचा वाद

आज एका मित्राच्या ओळखीने बीएमडब्ल्यूची नवी एम५ जवळून बघायला मिळाली. ४.४ लिटरचं ट्विन-टर्बो व्ही८ (आठ सिलिंडरचं) इंजिन, जोडीला इलेक्ट्रिक मोटर. मिळून ७२७ पीएस (म्हणजे अश्वशक्ती) आणि १००० न्यूटन-मीटर! शून्य ते शंभर ३.५ सेकंदांत. स्टिअरिंगवरची, आपल्या आवडीची सेटिंग्ज एका दाबात लावणारी एम१, एम२ ही लाल बटणं बघूनच हात शिवशिवतात. डाव्या पुढच्या मडगार्डवर चार्जिंगचं झाकण आहे. एम५ला प्लग लावायचा, हे पचायला थोडा वेळ लागला.

तिथे जमलेल्या मंडळींत मात्र वजनावरून चांगलीच जुंपली. गाडी भरते २.४ टनांच्या पुढे. जुन्या ई६० पिढीच्या एम५मधल्या व्ही१०चे (दहा सिलिंडरच्या इंजिनाचे) भक्त म्हणतात, एम५चा आत्माच गेला. ५०७ पीएसचं, वर चढत जाणारं ते इंजिन मलाही जीव की प्राण आहे. तरी मला हा निकाल घाईचा वाटतो. मागची चाकंही वळतात, हवं तर पूर्ण ताकद फक्त मागच्या चाकांना देता येते, आणि सकाळी सोसायटीतून फक्त विजेवर, इंजिनाचा आवाज न करता बाहेर पडता येतं. कुटुंबाला घेऊन जाता येईल अशी वेगवान गाडी म्हणूनच तर १९८०च्या दशकात एम५ जन्मली ना? वजन खटकतं, ते खटकणारच. पण मला ती जाम आवडली. चालवलेलं कुणी असेल तर घाटातल्या वळणांवर ब्रेक कसे वाटले, ते नक्की सांगा.