फिरून आली की थेट सोफ्यावर

आमची कुत्री चिंगी लहान होती तोवर सोफ्याकडे ढुंकूनही बघायची नाही. वयात यायला लागली आणि शिकवलेलं सगळं पार विसरली. कुत्र्यांचं हे अडनिडं वय साधारण ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान येतं, जातीप्रमाणे थोडं मागेपुढे. एरवी घरात ठीक वागायची, पण बाहेरून फिरून आली की सोफा, तिथून खुर्ची, परत सोफा. चारही पाय चिखलाने भरलेले.

मग "चिंगेऽऽ, उतर!" असा एकच गिल्ला व्हायचा. त्यावर ती पुढचे पाय पसरायची, मागचा भाग वर करायची आणि शेपटी हलवत आमच्याकडे बघायची. कुत्रं असं उभं राहतं ते खेळायला बोलावताना. आम्ही रागावलोय हे तिच्या गावीही नव्हतं.

एक दिवस नीट लक्ष दिलं तर दिसलं, की दार उघडलं म्हणून ती उडी मारत नाही. पट्ट्याच्या हुकाचा 'टक' आवाज झाला की मारते. आवाज आला की सुटका, हे तिला पक्कं ठाऊक झालेलं. तेव्हा पट्टा दारात काढणं बंद केलं. सोफ्यापासून लांबच्या कोपऱ्यात तिची गादी टाकली. दारातून पट्ट्यासकट थेट तिथे जायचं, ती बसली की खाऊ द्यायचा आणि मगच हुक काढायचा. खाऊ हातातून न देता तिच्या पुढच्या पायांमध्ये गादीवर ठेवायचा, म्हणजे मान खाली जाते आणि नजर आमच्या हातावर खिळून राहत नाही. उशीर मात्र चालत नाही. ती बसल्यावर आम्ही खिसे चाचपत राहिलो, तर तोवर ती उठलेली असते आणि बक्षीस उठण्याला मिळतं.

पाय पुसणं हा वेगळाच तमाशा होता. टॉवेल दिसला की ती तो दातात धरून ओढायची. मग फिरायला जायच्या वेळा सोडून, निवांत असताना सराव केला. एका पायाला टॉवेल नुसता लावायचा, खाऊ द्यायचा, विषय संपला. पुसणं बऱ्याच नंतर आलं. मागचे पाय अजूनही तिला आवडत नाहीत. पुसून झालं की चघळायला काहीतरी देतो. चघळण्यात कुत्री शांत होतात.

फिरण्याच्या शेवटाचाही यात मोठा हात निघाला. दारापर्यंत बॉल फेकत आणलं तर ती उधळलेलीच आत शिरते. शेवटची पाच-दहा मिनिटं संथ चालत, हवं ते हुंगू दिलं तर निम्मं काम बाहेरच होतं.

घरात काही काळ तिच्या हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, एक हलकी दोरी लावून ठेवली होती, दोनेक मीटरची. टोकाला फास किंवा गाठ नाही, म्हणजे कुठे अडकत नाही. आणि कोणी समोर असेल तेव्हाच. सोफ्यावर चढलीच, तर न बोलता दोरीचं टोक उचलून गादीकडे चालू लागायचं. गळपट्ट्याला हात घालायचा नाही. त्याने कुत्रं हुलकावणी द्यायला शिकतं, नाहीतर घाबरून दात लावतं. आणि उतरवताना गुरगुरलं, तर ओरडून ते गुरगुरणं बंद पाडू नये. ती सूचना असते, ती दाबली की पुढच्या वेळी सूचनेशिवाय चावा बसू शकतो. अशा वेळी जाणकाराला दाखवावं. आमच्याकडे ती वेळ आली नाही.

लक्ष ठेवायला कोणी नसेल तेव्हा सोफ्यावर खुर्च्या आडव्या टाकायचो. घर गोदामासारखं दिसायचं. पण सोफा मऊ, उंच, वर खिडकीतून बाहेरचं दिसतं. एकदा चढायला मिळालं तरी तिची कमाई झाली.

सगळ्यात अवघड गेले ते बाबा. "अगं, पाय पुसलेत की तिचे!" म्हणत अधूनमधून तिला शेजारी घ्यायचे. रोज घेतलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. कधीतरीच मिळणाऱ्या गोष्टीची आशा कुत्रं लवकर सोडत नाही. शेवटी "बाबा, लाड करायचे तर खाली तिच्या गादीशी बसून करा," असं सांगितलं. ते कुरकुरले, पण ऐकलं. त्यानंतर थोडे दिवस चिंगी उलट जास्तच बिथरली. सोफ्यासमोर उभी राहून भुंकायची, पंजे मारायची. जे मिळायचं ते बंद झालं की असं होतं. तेव्हा कोणीही विरघळलं नाही, म्हणून ते ओसरलं.

आता ती आपणहून गादीवर जाऊन बसते आणि हुक काढायची वाट बघते. पाहुणे आले की अजून गडबड होते, तेव्हा दोरी परत लावावी लागते. पट्टा दारातच काढून बघावा असं माझ्या मनात आहे, पण पावसाचे दिवस संपेपर्यंत घरात कोणी तयार नाही.