‘सदर व्यक्तीची फाईल जळाली आहे’

‘सदर व्यक्तीची सेवाफाईल १९७३ च्या आगीत नष्ट झाली आहे, क्षमस्व.’ एवढ्या एका ओळीसाठी मी डॉलर मोजले, अख्खा हिवाळा वाट बघितली, आणि ती ओळच चुकीची निघाली. आठवलं की अजून डोकं तापतं. अमेरिकेत जुन्या सैनिकाचा माग काढणाऱ्या कुणाला याचा उपयोग झाला तर चांगलंच, नाहीतर माझा राग तरी निघेल.

मी साताऱ्याला कोषागारात नोकरी केलेली बाई. निवृत्तीनंतर लेकीकडे, फिलाडेल्फियाला लागून असलेल्या अपर डार्बीत राहते. इथल्या वाचनालयात स्थानिक इतिहासाची हौस असलेली मंडळी जमतात. मेमोरियल डेच्या निमित्ताने, गावाशी नातं असलेल्या आणि युद्धात गेलेल्या माणसांवर टिपणं करायचं ठरलं, आणि हॅरी ओ’नील हा बेसबॉल खेळाडू माझ्या वाट्याला आला. बेसबॉल मला तेव्हा कळत नव्हता, आताही बेताचाच कळतो.

पण माणूस असा निघाला की सोडवेना. जन्म ८ मे १९१७, फिलाडेल्फिया. गेटिसबर्ग कॉलेजात फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉल, तिन्ही खेळला. १९३९ मध्ये कॉनी मॅक व्यवस्थापक असलेल्या फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स या संघाने त्याला घेतलं. २३ जुलै १९३९ ला डेट्रॉइटमध्ये संघ तिथल्या टायगर्स संघाकडून १६-३ असा मार खात असताना शेवटी शेवटी त्याला कॅचर म्हणून उतरवलं. बॅट हातात घ्यायची पाळी आलीच नाही. मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या पातळीच्या बेसबॉलमधला, त्याचा हा पहिला सामना आणि हाच शेवटचा. क्रिकेटच्या भाषेत, हरलेल्या कसोटीत शेवटची चार षटकं यष्टीमागे उभं राहायचं आणि तेवढ्यावर कारकीर्द संपवायची.

पुढे तो लहान लीगमध्ये थोडा खेळला, आमच्या गावच्या ज्युनियर हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला, मुलांना खेळ शिकवले. १९४२ मध्ये मरीन कोअरमध्ये (भूदलाहून वेगळं, नौदलाशी जोडलेलं दल) भरती झाला. चौथी मरीन डिव्हिजन, २५वी रेजिमेंट. पॅसिफिकमधल्या सायपान बेटावर जखमी झाला, बरा होऊन परत तुकडीत गेला, आणि ६ मार्च १९४५ ला इवो जिमा या जपानी बेटावर स्नायपरच्या गोळीने मारला गेला. दुसऱ्या महायुद्धात मेजर लीगचे शेकडो खेळाडू गणवेशात होते, त्यातले रणात पडले ते दोनच. दुसरा एल्मर गेडिअन, वॉशिंग्टन सेनेटर्सचा. तोही मेजर लीगमध्ये खेळला तो फक्त १९३९ मध्येच, आणि दोघेही गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. या गेडिअनचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे सगळं जमायला फार कष्ट पडले नाहीत. सामन्याचा तक्ता, १९४० ची जनगणना, जुनी वर्तमानपत्रं, सगळं घरबसल्या मिळालं. फिलाडेल्फियाच्या ‘इव्हनिंग बुलेटिन’ची कात्रणं टेम्पल विद्यापीठात नीट पाकिटं करून ठेवलेली आहेत, तिथे जाऊन बसावं, मजा येते.

मला मात्र त्याची मूळ सेवाफाईल हवी होती. कागद बघितल्याशिवाय मी कोषागारात कधी सही केली नाही. ही फाईल सेंट लुइसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असते. जावई म्हणाले, ‘आई, तुम्ही कशाला त्रास घेता? तिथे जाऊन फाईल काढून स्कॅन करून देणाऱ्या एजन्सी असतात.’ अशी एक एजन्सी शोधली. नाव लिहीत नाही, जाहिरात कशाला करायची, वाईट असली तरी. पैसे आगाऊ.

त्यांचा फॉर्म उघडला आणि पहिल्याच पानावर गाडी अडली. ‘सैनिकाशी तुमचं नातं’ या रकान्यात पर्याय तीनच: स्वतः, जवळचे नातेवाईक, कायदेशीर पालक. नुसतीच एक बाई, हा पर्याय नाही. फोन केला. नातेवाइकाचं संमतिपत्र जोडा म्हणाले. मी शांतपणे सांगितलं की सेवा संपल्यापासून बासष्ट वर्षं उलटली की ही फाईल कुणालाही बघायला खुली होते. हा माणूस १९४५ मध्ये गेला, म्हणजे २००७ पासून कुणाच्या संमतीची गरज नाही. पलीकडचा मुलगा म्हणाला, आमच्या कंपनीचं धोरण आहे. नियम सरकारचा, फाईल सरकारची, आणि धोरण यांचं! शेवटी त्याच्या वरिष्ठ बाई फोनवर आल्या, तेव्हा कुठे फॉर्म पुढे सरकला.

मग शांतता. त्यांच्या पोर्टलवर हिरव्या अक्षरांत ‘काम सुरू आहे’ एवढंच दिसायचं. थँक्सगिव्हिंग गेलं, नाताळ गेला, संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाले, तरी काम आपलं सुरूच. लेक म्हणायला लागली, ‘आई, अगं सोड ना आता, टिपणापुरतं तर सगळं मिळालंय.’ तिचं खरं होतं. पण पैसे घेऊन काम न करणारा माणूस मला कधी सोडवला नाही.

आणि मग ती ओळ आली. आगीत नष्ट, क्षमस्व, आपलं प्रकरण बंद करत आहोत.

आग खरीच लागली होती. १२ जुलै १९७३ ला सेंट लुइसच्या त्या इमारतीचा सहावा मजला पेटला आणि दीड कोटीहून जास्त फायली गेल्या. प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती. पण काय जळालं याचा हिशोब जाहीर आहे: १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० दरम्यान लष्करातली, म्हणजे भूदलातली, सेवा संपलेल्या लोकांच्या सुमारे ८० टक्के फायली, आणि सप्टेंबर १९४७ ते १९६३ अखेरपर्यंतच्या हवाई दलाच्या सुमारे ७५ टक्के, त्याही इंग्रजी वर्णानुक्रमे हबर्ड या आडनावाच्या पुढच्या. नौदल आणि मरीन यांच्या फायलींना त्या आगीने हात लावला नाही. ओ’नील मरीन होता. मी भरलेल्या फॉर्मवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, मरीन. म्हणजे यांनी फाईल शोधलीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धातला माणूस दिसला की जळाल्याचं ठरलेलं पत्र पाठवायचं आणि प्रकरण मिटवायचं, अशी पद्धत असावी.

हे सगळं मी मुद्देसूद लिहून कळवलं. उत्तर आलं, त्याने तर कमालच केली. ‘आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीच्या नोंदीत आपण दिलेल्या तपशिलाशी जुळणारी व्यक्ती आढळत नाही, त्यामुळे ओळख पटत नाही.’ सोबत त्याच आडनावाच्या कुठल्यातरी भलत्याच माणसाची दफननोंद जोडलेली. ओ’नील ज्या आर्लिंग्टन दफनभूमीत आहे ती व्हर्जिनियातली राष्ट्रीय दफनभूमी नव्हेच. ती पेनसिल्व्हेनियात ड्रेक्सेल हिलला आहे, आमच्या गावाच्या हद्दीत. व्हर्जिनियाच्या आर्लिंग्टनमध्ये आहे तो गेडिअन. दोनच खेळाडू मारले गेले आणि दोघेही आर्लिंग्टन नावाच्या दफनभूमीत, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. पण संशोधनाचे पैसे घेणाऱ्याला तो माहीत नको? मी दफनभूमीचा पत्ता लिहून पाठवला. पोर्टलवर पुन्हा हिरव्या अक्षरांत ‘काम सुरू आहे’.

तेव्हा मी ठरवलं, आता बास. एसएफ-१८० हा सरकारी फॉर्म स्वतः भरला. त्यात काही अवघड नाही, वाचता येणाऱ्या कुणालाही भरता येतो. पूर्ण नाव, जन्मतारीख, शाखा, हुद्दा, मृत्यूची तारीख, आणि खाली एक वाक्य: ही फाईल खुल्या अभिलेखांत आहे, विनंती करणारी व्यक्ती नातेवाईक नाही. सेंट लुइसला पाठवला. उत्तर आलं, शुल्क कळवलं, भरलं, प्रती आल्या. या भागात सांगण्यासारखं काहीच घडलं नाही आणि त्याचाच मला फार आनंद झाला. पाकीट आलं त्या दिवशी शिरा केला.

पूर्ण नावाचं महत्त्व आता आठवलं, खरं तर आधी सांगायला हवं होतं. त्याचं मधलं नाव मिंक. हॅरी ओ’नील शोधलं तर शेकड्यांनी सापडतात, हॅरी मिंक ओ’नील एकच. त्यात भर म्हणजे याच फिलाडेल्फिया ॲथलेटिक्समध्ये १९२२-२३ ला आणखी एक हॅरी ओ’नील होता, कॅनडाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. कात्रणांत दोघांची सरमिसळ होते, म्हणून वर्ष बघितल्याशिवाय काही उतरवून घेऊ नका. आणि आडनावातला तो वरचा टिंबासारखा स्वल्पविराम शोधयंत्रांना झेपत नाही. तो गाळून, जागा सोडून, एक ‘एल’ कमी करून, असं सगळं करून बघावं लागतं.

पेनसिल्व्हेनियाचा मृत्यूचा दाखला शोधत बसू नका. मृत्यू इवो जिमावर झाला, राज्याकडे दाखला असायचं कारण नाही. त्याऐवजी मृत सैनिकाची वेगळी फाईल असते, ती मागा. युद्धातल्या दफनांचं काम लष्कराचा एक विभाग सगळ्या दलांसाठी बघायचा, त्यामुळे मरीनचीही ती मिळते. पहिलं दफन रणभूमीवर कुठे झालं, नंतर कुटुंबाला काय विचारलं (तिकडेच ठेवायचं, घरी आणायचं की राष्ट्रीय दफनभूमीत), त्यांनी काय कळवलं, असा पत्रव्यवहार त्यात असतो. ही फाईल आणि सेवाफाईल एकच समजून अर्ज केला तर अर्धंच हाती लागतं.

आणि मरीनचे मस्टर रोल! तुकडीनिहाय, दर महिन्याचं हजेरीपत्रक, वंशावळीच्या संकेतस्थळांवर स्कॅन करून ठेवलेलं आहे. कोण रुग्णालयात, कोण परत रुजू, कोण मारला गेला, सगळं एकेका ओळीत. हजेरीपत्रकं वाचण्यात माझा जन्म गेलाय, मला हे कुणी शिकवावं लागलं नाही. फाईल येण्याआधीच मी त्याच्या तारखांचा तक्ता करून ठेवला होता आणि नंतर तो फाईलशी ताडून बघितला. फाईल मिळणार नाही असं वाटलं तर इथून सुरुवात करा, वाट बघत बसू नका.

फाईलमधला घरच्यांचा पत्रव्यवहार मी टिपणात घेतला नाही. वाचायला खुला आहे म्हणून गावभर वाचून दाखवलाच पाहिजे असं नाही. नेमणुका, हुद्दे, तारखा एवढंच घेतलं. वाचनालयातल्या मंडळींपैकी एक-दोघांना ते कोरडं वाटलं, वाटो.

एजन्सीने बऱ्याच तक्रारीनंतर अर्धे पैसे परत केले, बाकीचे ‘शोधशुल्क’ म्हणून ठेवले. कशाचा शोध घेतला ते विचारलं, उत्तर नाही. आता मी गेडिअनचा अर्ज टाकलाय. तो बी-२६ बॉम्बरचा वैमानिक, २० एप्रिल १९४४ ला फ्रान्सवर त्याचं विमान पाडलं गेलं. हवाई दल तेव्हा लष्कराचाच भाग होतं, त्यामुळे त्याची सेवाफाईल खरोखर जळालेली असू शकते. तसं असेल तर सरकार मला ते स्वतः कळवेल, त्यासाठी वेगळे पैसे पडणार नाहीत.