ट्रकमध्ये काय, खांद्यावर काय

आळंदीहून पंढरीच्या वारीला निघताना सामानाचा प्रश्न सुटलाच आहे असे वाटते, कारण वळकटी, कपडे, भांडी आणि राहुट्या हे सारे दिंडीचा ट्रक वाहून नेतो. तो ट्रक मात्र आपल्याबरोबर चालत नसून थेट पुढच्या मुक्कामी जातो, आणि पाय मुरगळणे, चक्कर येणे, चुकामूक होणे हे सारे मधल्या वाटेवरच घडते. म्हणून मी खांद्यावरच्या पिशवीत काय असावे, याचाच विचार अधिक करतो.

पुणे ते सासवड हा पालखीचा सर्वांत लांबचा टप्पा, आणि दिवे घाटाचा चढ त्यातच येतो. त्या दिवशी एक लिटरची बाटली आणि क्षारसंजीवनीच्या (ओआरएसच्या) दोन पुड्या मी जवळ ठेवतो. नेहमी मिळणारी मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती अर्ध्या बाटलीत ओतून पिणारे बरेच दिसतात, परंतु असे घट्ट पाणी अपायकारक ठरते. बाटली लिटरची असली की मापाची चिंता राहत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या दोन दिवसांच्या अंगावर आणि उरलेल्या ट्रकमध्ये, अशी विभागणी मी केली आहे. कोरडे मोजे, चिकटपट्टी आणि छोटी विजेरी यांना फारशी जागा लागत नाही.

पावसासाठी मी रेनकोट न घेता प्लॅस्टिकचा मोठा कागद घेतो, कारण तो इरल्यासारखा डोक्यावरून ओढता येतो आणि विसाव्याला अंथरताही येतो. गर्दीत छत्री उघडणाऱ्यांविषयी न बोललेलेच बरे.

सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे खिशातली चिठ्ठी. गर्दीत मोबाइल लागेलच असे नाही, आणि बेशुद्ध माणसाच्या फोनचे कुलूप कोण उघडणार? चिठ्ठीवर नाव, घरचा क्रमांक, रक्तगट, चालू औषधे आणि दिंडीचा क्रमांक लिहून ती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालावी. दिंडीचा क्रमांक लिहिताना ती पालखीच्या ‘रथापुढे’ चालते की ‘रथामागे’ हेही अवश्य लिहावे, कारण दोन्हीकडे क्रमांक स्वतंत्रपणे एकपासून सुरू होतात आणि नुसत्या ‘दिंडी 12’ वरून शोधणारा भलत्याच राहुटीत पोहोचतो. आमच्या दिंडीतल्या एका आजींना लिहिता येत नव्हते, तेव्हा त्यांची चिठ्ठी मी लिहून दिली आणि त्यांनी ती तुळशीमाळेजवळ पिशवीत शिवून टाकली. ती पिशवी त्या झोपतानाही गळ्यातून काढत नसत.