हिल्टन हेड १/७२ : शिपाई झाले, आता गावकरी

साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या हिल्टन हेड बेटाच्या डायोरामाचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या छोट्या देखाव्याचं) काम बऱ्यापैकी पुढे सरकलंय. काळ १८६४, अमेरिकेतलं यादवी युद्ध. तोफा बघायला आलेल्यांची मात्र निराशा होईल. ७ नोव्हेंबर १८६१ला युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूच्या, ड्यू पाँटच्या आरमाराने दक्षिणेचा फोर्ट वॉकर किल्ला घेतला, मळेवाले पळाले आणि त्यांचे गुलाम बेटावरच राहिले. त्यांच्यासाठी जनरल ऑर्म्सबी मिचेलने आखलेलं गाव म्हणजे मिचेलव्हिल. तो ऑक्टोबर १८६२मध्येच पीतज्वराने गेला. घरं लोकांनी स्वतः उभी केली. मला तेच करायचंय. (याच युद्धात मुंबईचे कापूसवाले मालामाल झाले, पण तो डायोरामा दुसऱ्या कुणीतरी करावा.)

खरा घाम काढला जागेने. दर घराला पाव एकर, म्हणजे आपले दहा गुंठे. चौरस धरला तरी बाजू १०४ फूट, म्हणजे या स्केलला जवळपास दीड फूट! दोन फुटी बेसवर एकच घर बसतं, उरलेल्या जागेत मका आणि रताळ्यांचे वाफे. दाटीवाटीने चार घरं बसवली असती तर फोटो झकास आला असता, पण मग ते मिचेलव्हिल राहिलं नसतं.

भिंतींसाठी व्हिनिअरच्या (लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या) दोन मिलिमीटर रुंद पट्ट्या कापल्या आणि खालून वर, एकीवर दुसरीची कड चढवत चिकटवल्या. रंगाचा थर नाही, फक्त पातळ राखाडी वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात. खाऱ्या वाऱ्यात कच्चं लाकूड तसंच दिसतं.

युनियनचे शिपाई तयार सेटमध्ये मुबलक मिळतात. गडद निळा कोट, आकाशी पँट, झालं. युनियनच्याच फर्स्ट साउथ कॅरोलिना पलटणीतल्या कृष्णवर्णीय शिपायांना सुरुवातीला लाल पँटी दिल्या होत्या. त्यांना त्या अजिबात आवडल्या नाहीत. १८६४पर्यंत त्या बदलल्या होत्या, त्यामुळे माझ्याकडेही निळ्याच.

गावकरी मात्र कुठल्याच सेटमध्ये नाहीत. वेस्टर्न (काउबॉयवाल्या) सेटमधल्या बायकांची बॉनेट, म्हणजे टोप्या, कापून एम-सीलने डोक्याला फडकी बांधली. एकीच्या हातात अंड्यांची टोपली, छावणीत विकायला. दुसरी शिपायांचे कपडे धुतेय. इथे ६ ते १५ वयाच्या मुलांना शाळा सक्तीची होती, म्हणून एका पोराला पाटी दिली. नखाएवढीसुद्धा नाही, काळ्या कार्डाचा तुकडा.

पुढचं काम पाल्मेटो, म्हणजे तिथली ताडासारखी झाडं. पानं पंख्यासारखी हवीत, त्यामुळे बाजारातली नारळाची झाडं उपयोगाची नाहीत. कागदाची पानं कुणी कापून पाहिली असतील तर किती जीएसएमचा (म्हणजे किती जाड) कागद वापरला ते सांगा.